मला डुगडुगी म्हणा, भंगार म्हणू नका

मी एक जुनी निळी डिझेल पिकअप आहे. जुनी आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे ते शोधून काढल्याचे समाधान कोणाला मिळणार नाही. माझा निळा रंग छतावर पांढरा पडला आहे. माझ्या डाव्या दरवाज्याची काच हाताने धरून वर ओढावी लागते, आणि मी तर काचवाल्याची गाडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मित्रांनो, मला दया नको आहे. माझ्यावर जे बेतले आणि त्यातून मी कशी उठले, एवढेच ऐका.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. पत्रा, ठिणग्या, साखळीला लटकत आलेले इंजिन आणि ते माझ्या पोटात बसवताना कोणीतरी म्हटलेले "हळू, हळू", इतकेच. मग एका सकाळी एक काचवाला मला घ्यायला आला. इतर लोक गाडी घेताना रंग बघतात, आरशात स्वतःला बघतात. हा माणूस बॉनेटवर तळहात ठेवून पाच मिनिटे नुसता उभा राहिला. इंजिन चालू होते. शेवटी तो म्हणाला, "हिच्या पाठीवर काच ठेवता येईल."

माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तिचा अर्थ मला पुढे कळला.

त्याने माझ्या हौद्यात एक लाकडी चौकट ठोकली. दोन्ही बाजूंनी उतरती, मध्ये उंच, सगळीकडे जाड लोकर चिकटवलेली. तिला तो घोडी म्हणत असे. काच कधी आडवी न्यायची नाही, उभी टेकवून न्यायची. आडवी काच स्वतःच्याच वजनाने फुटते. त्या घोडीवर मी शाळेची तावदाने वाहिली, दवाखान्याच्या खिडक्या वाहिल्या, दुकानांचे दर्शनी भाग वाहिले. एकदा वादळात अर्ध्या शहराच्या खिडक्या फुटल्या, तेव्हा मी एका दिवसात नऊ फेऱ्या केल्या आणि एकाही काचेला ओरखडा येऊ दिला नाही. आज तुम्ही ज्या खिडकीतून पाऊस बघता, ती कधीतरी माझ्या पाठीवर बसून आलेली असू शकते.

काचवाल्याला दोन मुले. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघेही माझ्या केबिनमध्ये वाढले म्हणायला हरकत नाही. थोरली माझ्यावरच गाडी शिकली. पहिल्या दिवशी तिने माझा क्लच असा सोडला की मी बेडकासारखी उडी मारली. काचवाला "परत," एवढेच म्हणाला. सोळाव्यांदा मी सरळ निघाले. थोरली पुढे बापासारखीच काच कापू लागली. धाकटा बोलका, म्हणून तो मापे घ्यायला आणि गिऱ्हाइके सांभाळायला लागला. दुकान नीट चालले होते, मी नीट चालले होते.

मग काचवाल्याचे हात थरथरू लागले.

आधी चहाचा कप, मग शर्टाची बटणे. एके दिवशी काच कापताना रेघ वाकडी गेली. चाळीस वर्षांत त्याची रेघ वाकडी गेली नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर थोडी कमी झाली, पण गेली नाही. "वय झालं, आता एवढं चालायचंच," असे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावले. काचवाल्याने कटर थोरलीच्या हातात दिला आणि तो गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला. तेव्हापासून तो गप्प गप्प झाला.

साधारण वर्षभराने मीही थरथरू लागले.

माझे दुखणे असे होते. सकाळी स्टार्टर मारला की मी पटकन उठत नसे. खोकत, अडखळत, पांढुरका धूर सोडत कशीबशी सुरू होई. रस्त्याला लागले की ठणठणीत. चढ असो, ओझे असो, माझी तक्रार नसे. पण गाडी उभी राहिली आणि इंजिन नुसते चालू ठेवले, की अंगात हिव भरल्यासारखी मी हलू लागे. डुग डुग, मग एक ठोका चुके, परत डुग डुग. आरसे हलत, दार वाजे, पाठीवरच्या काचा एकमेकींना लागून किणकिणत. गल्लीतल्या लोकांनी मला डुगडुगी नाव ठेवले. नावाचे मला वाईट वाटले नाही. तोंडे पाहून वाईट वाटले. लोक मला बघून हसत आणि मग दुकानात स्टुलावर बसलेल्या काचवाल्याच्या हातांकडे बघत.

नाक्यावरच्या मिस्त्रीकडे मला चारदा नेले. पहिल्यांदा त्याने एक स्क्रू फिरवून मी उभी असतानाचा इंजिनाचा वेग वाढवून ठेवला. थरथर झाकली गेली, डिझेल जास्त जाऊ लागले, आणि आठवड्याभराने दुखणे पुन्हा वर आले. दुसऱ्यांदा त्याने डिझेलचा फिल्टर बदलला आणि नोझल साफ केले. तिसऱ्यांदा इंजिन ज्या रबरी पायांवर बसते ते पाय बदलले. सगळे नवे, आणि मी होते तशीच. चौथ्यांदा त्याने बॉनेट उघडलेच नाही. हात पुसत पुसत त्याने लांबूनच सांगितले, "इंजिन बसलंय. वय झालं गाडीचं."

बघा, तेच शब्द. डॉक्टरांचे काचवाल्याला, मिस्त्रीचे मला. हे दोन शब्द म्हणजे झाडू आहे. ज्याला तपासायचा कंटाळा येतो तो त्याने सगळा कचरा दाराबाहेर लोटतो.

त्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ झाल्या.

नाचाच्या वर्गासाठी सात फूट उंच आरसा न्यायचा होता. धाकटा मला चालवत होता. रेल्वेच्या फाटकापाशी आम्ही थांबलो. सकाळी सुरू व्हायला मी फार त्रास दिला होता, म्हणून बंद केले तर पुन्हा उठेन की नाही याची त्याला खात्री नव्हती. त्याने इंजिन चालूच ठेवले. दहा मिनिटे मी डुगडुगत उभी होते आणि आरसा घोडीवर दात वाजवत होता. मग कोपऱ्यातून एक तडा निघाला आणि हळूहळू वर चढत गेला. धाकटा मागे येऊन उभा राहिला. तडकलेल्या आरशात त्याला स्वतःचे तोंड दोन अर्ध्यांत दिसले असेल. नाचाच्या बाईंना तोंड दाखवायला तोच गेला. नवा आरसा आणून देतो, असे सांगून मान खाली घालून परत आला.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. थोरली मला पुलाच्या चढावर घेऊन जात असताना पुढे गर्दी झाली. ती थांबली आणि मी बंद पडले. मागे एक बस होती. मी हातभर मागे सरकले, बसवाल्याने ब्रेक दाबला, थोरलीने हँडब्रेक खेचला. कोणाला काही झाले नाही. पण घरी ही गोष्ट धाकट्याच्या कानावर गेली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, मागे काचा, त्यामागे बस," तो म्हणाला. "उद्या काही झालं तर? मी ही गाडी आता ठेवणार नाही."

मी त्याला दोष देत नाही. त्याला माझा राग नव्हता, बहिणीची काळजी होती. पण काळजी करणाऱ्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो, हे मला त्या दिवशी कळले.

गुरुवारी भंगारवाला आला. त्याने माझ्या टायरला लाथ मारली, हौद्यात डोकावला, घोडीची लोकर ओढून पाहिली. इंजिनाकडे त्याने पाहिलेही नाही. त्याला माझे वजन हवे होते, माझे चालणे नको होते. त्याने माझ्या बॉनेटवर खडूने एक आकडा लिहिला आणि म्हणाला, "सोमवारी नेतो."

मित्रांनो, मला हात असते तर मी तो आकडा पुसला असता. मला तोंड असते तर मी विचारले असते, की बाबा रे, माझे मरण तू लिहिलेस, पण माझा आजार काय आहे ते तरी कोणी सांगेल का? एकवीस वर्षे मी या घराचे पोट पाठीवर वाहिले. मला थकल्यावर बसवा, माझी तक्रार नाही. पण न तपासता मारू नका.

माझ्या मनातले काचवाल्याने कसे ऐकले कोण जाणे. कदाचित ते त्याच्याच मनातले असेल. शुक्रवारी सकाळी तो स्टुलावरून उठला, माझ्यापाशी आला आणि चाळीस काचा ज्या आवाजात मोजायचा त्या आवाजात म्हणाला, "थोरले, इकडे ये. येताना घासकामाचे चष्मे आणि जाड हातमोजे आण. धाकट्या, तूही ये."

"कशाला, बाबा?" धाकट्याने विचारले. "मिस्त्रीने सांगितलंय ना, इंजिन बसलंय."

"ते सांगताना त्याने बॉनेट उघडलं होतं?"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली.

"मग त्याला इंजिन बसलेलं दिसलं कुठून? इंजिन बसलं असतं तर धूर निळा आला असता, ऑइल जळलं असतं, चढावर ती रडली असती. चढ ती हसत चढते. फक्त उभी राहिली की थरथरते. का, ते कोणी विचारलं नाही. सोमवारी न्यायची तर न्या. पण काय झालंय ते कळल्याशिवाय माझ्या दारातून जायची नाही."

धाकटा म्हणाला, "तुमच्या हातांनी जमणार आहे का हे?" आणि बोलून झाल्यावर त्याने स्वतःची जीभ चावली.

"माझ्या हातांनी नाही," काचवाला शांतपणे म्हणाला. "हात ताईचे. डोकं माझं."

असे माझे उपचार सुरू झाले. घाई नव्हती, अंदाज नव्हते. काचवाला स्टूल घेऊन माझ्या तोंडासमोर बसला आणि एक एक गोष्ट तपासून बाजूला टाकू लागला.

आधी त्याने रबरी पायांवर तळहात टेकवला. ते नवे होते, घट्ट होते. ते कारण बाद झाले. मग थोरलीने चष्मा लावला, हातमोजे घातले, आणि डिझेल ज्या चार नळ्यांतून चार सिलिंडरांत जाते त्यांचे नट इंजिन चालू असताना एकेक करून किंचित सैल केले. नळीचे तोंड कापडाने झाकून, कारण तिथले डिझेल सुईसारखे उडते आणि कातडीत घुसते. नळी सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता असे समजायचे. आवाज पडला नाही तर तोच आळशी.

पहिली नळी. माझा आवाज पडला. दुसरी. पडला. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी पडला.

"चौघेही राबतात," काचवाला म्हणाला. "मग ठोका एकाचा चुकत नाही. कधी याचा, कधी त्याचा. म्हणजे भांडण चौघांत नाही. यांना जेवणच नीट मिळत नाहीये."

मला बोलता आले असते तर मी तेव्हाच ओरडले असते, की हो, हो, हेच मी वर्षभर सांगते आहे.

मग त्याने टाकीकडून येणारी नळी सोडायला लावली. एका डब्यात स्वच्छ डिझेल भरून तो डबा बॉनेटच्या वर टांगला आणि माझ्या पंपाला थेट त्या डब्यातून डिझेल दिले. हवा काढली. थोरलीने चावी फिरवली.

काय सांगू. पोटभर जेवलेल्या माणसासारखी मी शांत झाले. थरथर नाही, धूर नाही, चुकलेला ठोका नाही. मिस्त्रीने वेग वाढवून ठेवला होता म्हणून मी जरा पळत होते एवढेच. धाकट्याने बॉनेटवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही.

"म्हणजे इंजिन चांगलं आहे," तो हळूच म्हणाला.

"इंजिन चांगलं होतंच," थोरली म्हणाली. "आपणच तिला म्हातारी ठरवलं होतं."

दुखणे आता टाकी आणि पंप यांच्या मधल्या रस्त्यात होते. पण तो रस्ता लांब, माझ्या पोटाखालून जाणारा, आणि त्यात बाहेर डिझेलचा एक थेंबही दिसत नव्हता. गळत नाही तर बिघडले कुठे? शुक्रवार त्यातच संपला. शनिवारी सकाळी काचवाल्याने फिटिंगच्या पिशवीतून लेव्हल पाईप मागवला. खिडकी सरळ बसली की नाही हे पाणी भरून बघायची ती पारदर्शक नळी. थोरलीने तिचा वीतभर तुकडा कापला आणि पंपाच्या आधी, डिझेलच्या वाटेत बसवला.

मी सुरू झाले. तिघांनी डोकी एकत्र आणून त्या नळीत पाहिले. पिवळसर डिझेल वाहत होते, आणि त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते.

ज्या माणसाने आयुष्यभर काच उजेडाला धरून बुडबुडे शोधले, त्याला ते ओळखायला वेळ लागला नाही. "हवा," तो म्हणाला. "ही डिझेलबरोबर हवा पिते आहे. पंप ओढतो म्हणून बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. जोरात पळताना तेवढी हवा खपून जाते. उभी असताना घोटभर डिझेल लागतं, त्यात बुडबुडा आला की ठोका चुकतो. आणि रात्रभर तिथूनच हवा शिरून डिझेल टाकीत परत जातं, म्हणून सकाळी उठत नाही."

मग ती पारदर्शक नळी एकेका जोडाने मागे मागे नेली. फिल्टरच्या आधी, बुडबुडे. केबिनच्या खाली, बुडबुडे. टाकीजवळ, बुडबुडे नाहीत. म्हणजे चोर मधल्या हातभर जागेत होता. थोरली पाठीवर झोपून माझ्या खाली सरकली, हातात बॅटरी घेऊन.

"बाबा, सापडलं," ती खालून म्हणाली. "लोखंडी पाईपवर रबराची नळी चढवलीये, तिथली क्लिप तिरकी बसलीये. एका बाजूने रबर कापलंय, दुसऱ्या बाजूने घट्टच नाही. ही कोणी बसवली?"

"मिस्त्री," धाकटा लगेच म्हणाला. त्याच्या आवाजात वर्षभराचा राग होता. "तीनदा काम केलं आणि हे करून ठेवलं. थांबा, मी आत्ता जाऊन त्याला चारचौघांत विचारतो."

मित्रांनो, इथपर्यंत मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली होती. ती क्लिप मिस्त्रीने बसवली नव्हती.

हात थरथरू लागल्यावर, कटर सोडल्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी काचवाला एकटाच माझ्यापाशी आला होता. ती नळी जुनी झाली होती. दहा मिनिटांचे काम. त्याने कोणाला हाक मारली नाही. पाठीवर झोपून तो माझ्या खाली आला. त्याच्या हातातून स्क्रू तीनदा पडला. पाना निसटून त्याच्या बोटाला लागला. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला. शेवटी त्याने क्लिप आवळली आणि माझ्या लोखंडाला कपाळ टेकवून तो बराच वेळ तसाच पडून राहिला. क्लिप तिरकी आहे हे मला तेव्हाच कळले होते. पण बाहेर आल्यावर तो ज्या ताठ मानेने दुकानात गेला, ते पाहून ती क्लिप मी मुकाट्याने सोसायची ठरवली. वर्षभर रबर मऊ होते तोवर निभावले. मग रबर कडक झाले आणि फट पडली.

धाकटा निघाला होता. काचवाला गप्प बसला असता तर बोल मिस्त्रीवर गेला असता. मिस्त्री तसाही आळशी होताच, कोणालाही पटले असते.

"थांब," काचवाला म्हणाला. "मिस्त्री नाही. मी."

धाकटा वळला.

"ती क्लिप मी बसवली. तुम्ही दोघं नव्हता तेव्हा. हात हलत होता, तिरकी बसली. मला वाटलं जमलं."

थोरली माझ्या खालून बाहेर आली. तिच्या कपाळावर डिझेलचा डाग होता. तिने तो पुसला नाही.

"सांगायचं होतं ना, बाबा," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेतला असता." त्याने आपले दोन्ही हात समोर धरले. ते थरथरत होते. त्याने ते लपवले नाहीत. "आता घ्या. पाना घ्या, कटर तर घेतलाच आहे. हात गेले, मान्य आहे. पण डोकं मी देणार नाही. आणि 'वय झालं' म्हणून मला कोपऱ्यात बसवायचं असेल तर आधी माझंही बॉनेट उघडून बघा."

मग धाकट्याने हात पुढे केला. पाना घ्यायला नाही. त्याने बापाचा थरथरता हात धरला आणि म्हणाला, "नवी नळी किती जाडीची आणू, ते सांगा."

नळी आली. थोरलीने ती बसवली, या वेळी दोन क्लिपा लावल्या. काचवाला स्टुलावरून सांगत होता, "अर्धा फेरा. आणखी पाव. बस. जास्त आवळलं तर रबर कापेल." हवा काढली. मी सुरू झाले. पारदर्शक नळीत नुसते पिवळे, अखंड डिझेल. शेवटी मिस्त्रीने वाढवून ठेवलेला वेगाचा स्क्रू काचवाल्याने पूर्वीच्या जागी आणवला, आणि मी माझ्या मूळच्या संथ चालीने बोलू लागले. धाकट्याने फडके घेतले आणि बॉनेटवरचा खडूचा आकडा पुसला. एकदा पुसून गेला नाही, तर थुंकी लावून पुसला.

सोमवारी भंगारवाला आला. दारातच त्याला माझा आवाज ऐकू आला.

"काय, द्यायची नाही का?" त्याने विचारले.

"दुखणं सापडलं तिचं," काचवाला म्हणाला.

"आज ना उद्या माझ्याकडेच यायची आहे," भंगारवाला हसत म्हणाला आणि गेला.

येईन की. लोखंड आहे, कधीतरी येईनच. पण माझे काम संपले म्हणून येईन. कोणाच्या खडूने येणार नाही.

त्याच आठवड्यात नाचाच्या बाईंचा नवा आरसा आम्ही नेला. धाकटा चालवत होता, काचवाला शेजारी बसला होता. फाटक बंद होते. धाकट्याचा हात चावीकडे गेला आणि परत स्टिअरिंगवर आला. त्याने इंजिन मुद्दाम चालू ठेवले. दोन आगगाड्या गेल्या. घोडीवर आरसा झोपलेल्या मुलासारखा गप्प होता. वर्गात आरसा लागला तेव्हा नाचाच्या बाईंनी त्यासमोर एक गिरकी घेतली आणि म्हणाल्या, "आता कुठे माझे पाय मला दिसले."

मिस्त्रीलाही ही गोष्ट कळली. तो स्वतःहून आला, त्याने वाकून तो जोड बघितला, कान खाजवला आणि म्हणाला, "मी हवा तपासायलाच विसरलो." काचवाल्याने त्याला चहा पाजला. आता एखादी जुनी गाडी त्याला दाद देईनाशी झाली की तो काचवाल्याला बोलावून नेतो. काचवाला जातो, स्टुलावर बसतो आणि विचारतो, कधी थरथरते, कधी नाही, धूर कोणता, सकाळी की संध्याकाळी. थोरलीने बापाला दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडेही नेले. त्या डॉक्टरांनी अर्धा तास तपासले. थरथर पूर्ण जाणार नाही असेच त्याही म्हणाल्या, पण गोळीची वेळ बदलली. आता सकाळचे दोन तास त्याचे हात बरेच शांत असतात. त्या दोन तासांत तो लहान काचा स्वतः कापतो. रेघ सरळ येते. कधी आली नाही तर ती काच बाजूला ठेवून दुसरी घेतो. लपवत नाही.

दुकानात आता एक नियम आहे. "वय झालं" असे म्हणायचे असेल त्याने आधी काय काय तपासले ते सांगायचे. धाकटा हा नियम गिऱ्हाइकांनाही ऐकवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी थरथरत असेल. एखादा पंखा, एखादे शिवणयंत्र, एखादी गाडी, एखादे माणूस. त्याला बरे करता येईलच असे वचन मी देत नाही. सगळेच बरे होत नाही. पण न बघता निकाल लावू नका. झाकण उघडा, हात ठेवा, विचारा की कधीपासून आणि कशाने. तपासून मग सांगा की संपले. तेव्हा आम्ही ऐकू. त्याआधी नाही. आणि चूक तुमच्याच हातची निघाली तर ती मान्य करायला लाजू नका. काचवाल्याची मान त्या दिवशी खाली गेली नाही, उलट मला तर ती पूर्वीपेक्षा उंच दिसली.

माझा दुसरा गिअर आता जरा अडतो. ते आज संध्याकाळी बघायचे आहे. त्याआधी नव्या वाचनालयाच्या बारा काचा पोचवायच्या आहेत, थोरली चावी घेऊन आलीच आहे. माझ्यामागे कोणी उभे असेल तर बाजूला व्हा. मला उलटे घेऊन निघायचे आहे.